चाल विचारलीय की वेग? आकडे टाकण्याआधी हे बघा

दोन्हीचं एकक तेच, मीटर प्रति सेकंद, त्यामुळे पोरं सरळ एकच फॉर्म्युला दोन्हीकडे ठोकून देतात आणि मार्क जातात. त्यापेक्षा पेन उचललं की आधी रफ आकृती काढा, जिथून निघाला ते अ, जिथे थांबला ते ब. प्रत्यक्षात जेवढा रस्ता कापला ते अंतर, आणि अ पासून ब पर्यंत पट्टीने सरळ रेघ मारली तर तिची लांबी आणि दिशा मिळून विस्थापन. अंतर भागिले वेळ म्हणजे सरासरी चाल, विस्थापन भागिले वेळ म्हणजे सरासरी वेग, बास.

आता 400 मीटरचा ट्रॅक घ्या. सगळ्यात आतल्या लेनमधून एकाने अख्खी फेरी 50 सेकंदात मारली तर चाल 8 मीटर प्रति सेकंद, पण जिथून सुटला तिथेच परत आला ना, म्हणजे विस्थापन शून्य आणि सरासरी वेगही शून्य. घामाघूम होऊन शून्य, हे पोरांना पटतच नाही! मग अर्धी फेरी करायला लावा. 200 मीटर 20 सेकंदात, चाल 10. पण स्टँडर्ड ट्रॅकवर 200 ची स्टार्ट आणि फिनिश एकमेकांपासून सरळ रेषेत मोजली तर साधारण 112 मीटरच भरतात, म्हणून वेग 5.6 च्या आसपास, दिशा स्टार्टकडून फिनिशकडे. सरासरी वेगाचा आकडा सरासरी चालीपेक्षा मोठा कधीच येणार नाही, आला तर आकृती परत बघा.

गाडीचा स्पीडोमीटर फक्त चाल दाखवतो. वळणावर काटा 40 वरच अडकलेला असला तरी दिशा बदलतेय म्हणजे वेग बदलतोय, आणि वेग बदलतोय म्हणजे त्वरण आहेच. एका मार्काला हा प्रश्न आवडीने विचारतात.

सरळ रस्त्याच्या गणितात एक दिशा धन ठरवून टाका, समजा पूर्व, मग पश्चिमेकडे 15 ने जाणाऱ्याचा वेग उणे 15 आणि चाल नुसती 15. चाल उणे आली की समजायचं चिन्हात घोळ झालाय. आणि हो, प्रश्नात किमी प्रति तास दिलं असेल तर आधीच 5/18 ने गुणून घ्या, 72 चे 20 होतात, नंतर शेवटी करू म्हटलं की राहूनच जातं.