चेकआउट लटकतोय? क्वेरी मॉनिटर लावून दोषी प्लगिन असं पकडा

वर्डप्रेसची साइट स्लो आहे म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, प्लगिन कमी करा. दुसरा, कॅशे प्लगिन टाका. हे सांगणाऱ्यांपैकी कोणीही नेमकं काय स्लो आहे ते मोजलेलं नसतं. म्हणजे ताप आला की चादर बदला म्हटल्यासारखं आहे.

मोजायचं असेल तर क्वेरी मॉनिटर, साइटचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं प्लगिन. फुकट आहे, वर्डप्रेसच्या प्लगिन डिरेक्टरीत मिळतं. इन्स्टॉल करा, अ‍ॅक्टिव्हेट करा, झालं, सुरुवातीला सेटिंग काही करावं लागत नाही. बॅकअप घेतलाय असं धरून चालतो.

आता वरच्या काळ्या पट्टीत चार आकडे दिसतील: पेज बनायला लागलेला वेळ, मेमरी, डेटाबेसने खाल्लेला वेळ आणि क्वेरींची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची, संख्या. इथेच लोक फसतात, मीही फसलो, म्हणून इथे जरा थांबतो.

मावसभावाचं मसाल्याचं ऑनलाइन दुकान आहे, वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसवर दुकान चालवायच्या प्लगिनवर. त्याचा फोन, "दादा, गिऱ्हाईक कार्टात माल टाकतंय आणि पैसे भरायच्या वेळी पळून जातंय." मी पेजस्पीड इनसाइट्सला, म्हणजे गूगलच्या वेग मोजायच्या टूलला, होमपेजची लिंक टाकली, मार्क नव्वदच्या वर, हिरवंगार. त्याला म्हटलं तुझ्याकडचं नेट गंडलंय. दोन आठवडे हेच सांगत होतो, आज आठवलं की लाज वाटते.

कारण होमपेज कॅशेमधून येत होतं. कॅशे म्हणजे कालच्या भाजीचा डबा, उघडला की पानात, चूल पेटते की नाही ते त्यातून कळतच नाही. कार्ट, चेकआउट, माय अकाउंट ही पेजेस कॅशे करायची नसतातच, तिथे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी स्वयंपाक नव्याने होतो आणि आमची चूल तिथेच विझत होती. म्हणून पहिला नियम, होमपेज मोजू नका, जिथे माणूस अडकतोय ते पेज मोजा.

आणि ते गिऱ्हाइकाच्या नजरेने मोजा. तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असता तेव्हा पट्टी-बिट्टी, जास्तीचा कोड असं बरंच लोड होतं. क्वेरी मॉनिटरच्या सेटिंग्जमधे ऑथेंटिकेशन कुकी सेट करायचं बटण आहे, ते दाबा, मग त्याच ब्राउझरमधून लॉगआउट करा, कार्टात एक वस्तू टाका आणि चेकआउट उघडा. लॉगआउट असलात तरी पेजच्या तळाशी सगळी माहिती दिसते. हे बटण मला कितीतरी उशिरा सापडलं.

चेकआउटवर माझ्यासमोर काय आलं? पेजला ५.९ सेकंद, क्वेरी १४२, डेटाबेसचा वेळ ०.११ सेकंद. मी काय केलं असेल? १४२ बघून घाबरलो आणि क्वेरी कमी करायला बसलो. दोन प्लगिन काढली, डेटाबेस साफ केला, रिव्हिजन्स, म्हणजे लेखांच्या साठलेल्या जुन्या प्रती, उडवल्या. १४२ च्या ११८ झाल्या आणि वेळ ५.९ चा ५.९ च. अहो, डेटाबेसने एक दशांश सेकंद खाल्लाय, तो शून्यावर आणला तरी काय उजेड पडणार होता!

संख्या बघूच नका, फरक बघा. एकूण वेळातून डेटाबेसचा वेळ वजा करा. उरलेला आकडा मोठा असेल तर चोर डेटाबेसमधे नाही, तो एकतर पीएचपीच्या, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्या, कोडमधे आहे नाहीतर साइट बाहेरच्या कोणाची तरी वाट बघत उभी आहे. आमच्याकडे पाऊणेसहा सेकंद असे हवेत होते. तेव्हा क्वेरी मॉनिटरमधला एचटीटीपी एपीआय कॉल्स हा पॅनल उघडा, साइट बाहेरच्या सर्व्हरना लावते ते फोन तिथे दिसतात, मी आता सगळ्यात आधी तोच उघडतो. एकच ओळ, लाल, कर्ल एरर २८, म्हणजे टाइमआउट. वेळ बरोबर ५ सेकंद. वर्डप्रेसमधे बाहेरच्या कॉलचा डीफॉल्ट टाइमआउट ५ सेकंदच असतो, त्यामुळे तुम्हालाही असा गोल आकडा दिसला तर समजून जा. शेजारच्या कंपोनंट कॉलममधे प्लगिनचं नाव लिहिलेलंच असतं.

निघालं एक छोटंसं शिपिंग प्लगिन. ते लायसन तपासायला स्वतःच्या सर्व्हरला फोन लावत होतं, तो सर्व्हर कधीचाच बंद पडलेला, आणि उत्तर आलं तरच ते जपून ठेवायचं असं लिहिलेलं असल्यामुळे दर वेळी नव्याने फोन, नव्याने ५ सेकंद.

यावर कोणी सांगेल की डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंगच्या फाइलमधे एक ओळ टाकून बाहेरचे सगळे कॉल बंद करा. दुकानावर हे अजिबात करू नका, सूट द्यायची यादी नीट केली नाही तर पेमेंट गेटवेही त्यातच अडकतं. संशयित प्लगिन हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग या प्लगिनच्या ट्रबलशूटिंग मोडमधे बंद करून बघा, तिथे ते फक्त तुमच्यापुरतं बंद होतं, गिऱ्हाइकाला कळतही नाही. वेळ उतरला की मगच खरोखर काढा. आमचा चेकआउट ०.९ वर आला.

डेटाबेसचाच वेळ मोठा निघाला तर क्वेरीज बाय कंपोनंट बघा, ०.०५ सेकंदाच्या वरची क्वेरी ते स्लो म्हणून वेगळी काढून देतं. वर्डप्रेसच्या साइट हेल्थ पानावर ऑटोलोड, म्हणजे दर पेजला आपोआप लोड होणारा सेटिंग्जचा डेटा, ८०० केबीच्या वर गेल्याची वॉर्निंग असेल तर तीही निस्तरा.

फोनवरून काढलेले ४ एमबीचे फोटो मात्र यात दिसणार नाहीत, क्वेरी मॉनिटर सर्व्हरकडचंच बघतं. त्यासाठी पेजस्पीड, तिथला एलसीपी, म्हणजे पेजवरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, २.५ सेकंदाच्या आत हवा. फक्त तिथला खऱ्या युजर्सचा डेटा मागच्या २८ दिवसांचा असतो, आज दुरुस्ती करून उद्या सकाळी आकडा बघत बसू नका.

काम झालं की क्वेरी मॉनिटर बंद करा, ते स्वतःही थोडा वेळ खातं. आणि एफटीपीवरून, म्हणजे सर्व्हरच्या फाइल्समधे थेट शिरून, त्याचं फोल्डर उडवू नका, डॅशबोर्डमधूनच डिअ‍ॅक्टिव्हेट करा, कारण ते डब्ल्यूपी-कंटेंटमधे डीबी डॉट पीएचपी नावाची एक लिंक ठेवतं आणि ती तशीच मागे लटकत राहते.