जुना फोर बाय फोर पिकअप परदेशात विकताय? या चुका टाळा

आमच्या मामांकडे कुडाळात महिंद्राचा एफसी (फॉरवर्ड कंट्रोल) पिकअप होता, तो चपट्या तोंडाचा, ज्यात ड्रायव्हर इंजिनाला मांडीशी घेऊन बसतो. 81 इंच व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, आयुष्यभर चिरे नि आंब्याच्या पेट्या वाहिल्या. इंग्लंडमधल्या एकाने विचारपूस केली आणि मामांनी पहिली चूक केली, गाडी थेट रंगाला टाकली.

आता कोकणातली गाडी म्हणजे खारा वारा आणि चार महिने पाऊस, फ्लोअर आणि स्प्रिंगच्या हँगरपाशी गंज असणारच. पेंटरने त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरभरून मारली, वर चकचकीत लाल रंग. इंग्लंडच्या त्या साहेबाने दाराला मॅग्नेट लावून व्हिडिओ पाठवा म्हटलं, मी फ्रीजवरचा गणपतीचा मॅग्नेट लावला तर तो टपकन खाली. मग म्हणे रंगाआधीचे चेसिसचे फोटो द्या, ते तर काढलेच नव्हते. गिऱ्हाईक गेलं. आजोबा म्हणाले, "गंज लपवन काय करतलंस?" तेव्हा जुना फिका रंग तसाच ठेवा, खालून उजेडात फोटो काढा, भोकं असतील ती पण दाखवा.

दुसरी गोष्ट कागद. मूळ हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन काढून कधीतरी डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर जुन्याच इंजिनाचा नंबर. हे आधी सुधारून घ्या, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट काढून आरसीशी जुळवा. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 ला वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या गाडीचं मूळ रजिस्ट्रेशन रत्नागिरीला शोधावं लागतं, आमचे त्यात दोन महिने गेले.

देशादेशाचे नियम वेगळे. अमेरिकेत 25 वर्षांवरच्या गाडीला त्यांचे सेफ्टीचे नियम लागत नाहीत, पण उत्पादनाचं वर्ष सिद्ध करावं लागतं, आणि लाइट ट्रकवर 1964 पासून 25 टक्क्यांची ड्युटी आहे, चिकन टॅक्स म्हणतात तिला, म्हणून तिकडच्या कस्टम ब्रोकरला आधी विचारायला गिऱ्हाइकाला सांगा. ऑस्ट्रेलियात 2003 च्या शेवटापासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी, जुने ब्रेक लायनर, क्लच प्लेट, गॅस्केट यात ते असू शकतं, बदला नाहीतर टेस्ट करून घ्या. इम्पोर्ट अप्रूव्हल गिऱ्हाइकाच्या हातात आल्याशिवाय गाडी बोटीवर चढवूच नका.

भाव सांगताना एफओबी न्हावाशेवा, म्हणजे तिथे बोटीवर चढेपर्यंतचा खर्च आपला, पुढचं भाडं गिऱ्हाइकाचं, असं स्पष्ट लिहा, नाहीतर भाडं कोणाचं यावरून वाजतं. पैसे बँकेत जमा झाले तरच झाले, स्विफ्टचा, म्हणजे परदेशी बँकेच्या पैसे पाठवल्याच्या मेसेजचा, स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आणि कोणी जास्त पाठवून "उरलेले आमच्या शिपिंग एजंटला द्या" म्हणाला तर सरळ ब्लॉक करा. ओरिजिनल बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बोट कंपनीचा ज्यावर माल सोडवतात तो कागद, पूर्ण पैसे येईपर्यंत आपल्याकडेच.

शेवटी मामांची गाडी एका ऑस्ट्रेलियावाल्याने घेतली. कंटेनरला जाण्याआधी टाकी रिकामी केली, बॅटरीची वायर काढली, खालून प्रेशरने तांबडी माती धुतली. तरी सीटखाली मामींनी आठवण म्हणून ठेवलेली आमसुलाची पिशवी सापडली, काढून घेतली, ऑस्ट्रेलियात बाहेरची माती चालत नाही तिथे आमसुलं कुठली चालणार.