परदेशी संपादक-पुढाऱ्याचा परिचय कसा लिहावा

पत्रकार दिनाच्या भित्तिपत्रकात पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक असायचेच. त्यांच्या शेजारी एखाद्या परदेशी संपादक-पुढाऱ्याचा परिचय द्यायचा असेल, तर नॉर्वेच्या मजूर पक्षाचे मार्टिन ट्रानमेल (१८७९–१९६७) यांची निवड करावी. लेखणी आणि पक्ष यांची इतकी घट्ट सांगड क्वचितच आढळते.

लिहायला बसण्यापूर्वी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून डावीकडे वृत्तपत्र, उजवीकडे पक्ष असे दोन रकाने करावेत आणि समासात सन लिहावेत. १९१३ समोर डावीकडे ट्रॉन्हाइमच्या ‘नी तीद’चे संपादकपद येईल, १९१८ समोर उजवीकडे पक्षाचे चिटणीसपद आणि १९२१ समोर पुन्हा डावीकडे राजधानीतील ‘सोशल-डेमोक्रॅटन’चे संपादकपद. (राजधानीचे नाव १९२५ पर्यंत ख्रिस्तियानिया होते, तोपर्यंतच्या नोंदींत ‘ऑस्लो’ लिहू नये.) १९२३ ही ओळ मात्र दोन्ही रकान्यांत भरते. १९१९ मध्ये कॉमिन्टर्नमध्ये (मॉस्कोतून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेत) गेलेला पक्ष त्या वर्षी मॉस्कोपासून अलग झाला, अल्पमतातल्या गटाने वेगळा कम्युनिस्ट पक्ष काढला, ट्रानमेल बहुमताबरोबर राहिले आणि त्यांच्या पत्राचे नाव ‘आर्बायडरब्लादे’ झाले. परिचयाचा निम्मा मजकूर याच ओळीवर खर्चावा. संपादक आणि पुढारी असे दोन वेगळे परिच्छेद पाडले, तर नेमकी हीच ओळ तुटते.

‘निःपक्षपाती पत्रकार’ असे विशेषण जोडण्याचा मोह आवरावा. त्या काळी नॉर्वेतील बहुतेक वृत्तपत्रे कोणत्या ना कोणत्या पक्षाशी बांधलेली होती आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे; ‘केसरी’च्या वाचकांना तरी हे वेगळे समजावून सांगायला नको.

संसदेची नोंद करताना विशेष काळजी घ्यावी. ट्रानमेल १९२५ ते १९२७ इतकाच काळ स्टोर्टिंगमध्ये, म्हणजे नॉर्वेच्या संसदेत, होते, म्हणून त्यांनी राजीनामा दिला किंवा सभागृह बरखास्त झाले असा तर्क आपला वाचक लगेच करील. वास्तविक त्या वेळी मुदतच तीन वर्षांची होती आणि स्टोर्टिंग मुदतीपूर्वी बरखास्त करण्याची तरतूद नॉर्वेच्या राज्यघटनेत नाही. ते मंत्री कधीच झाले नाहीत. त्यांचा दबदबा संपादकाच्या खुर्चीतून आणि पक्षाच्या बैठकींतून चाले, हे एका वाक्यात स्पष्ट करावे.

बालपणाला दोन ओळी पुरेत: मेल्हुसमध्ये जन्म, रंगाऱ्याचे काम, आणि आपल्याकडचा चाकरमानी मुंबईला जाई तसे पोटासाठी अमेरिकेला जाणे. १९४० च्या जर्मन आक्रमणानंतरचे स्वीडनमधील वास्तव्यही थोडक्यात यावे. नोबेल शांतता पारितोषिकाच्या समितीवर ते १९३८ पासून दीर्घकाळ होते. ही पाच जणांची समिती स्टोर्टिंग नेमते, त्यामुळे तिला चुकूनही स्वीडिश म्हणू नये.

‘आर्बायडरब्लादे’विषयी आणखी वाचायचे असल्यास ‘डागसाविसेन’ या नावाने शोधावे, कारण १९९७ पासून ते त्याच नावाने निघते.