सर्जनचा मोबदला ठरवण्याआधी ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) रजिस्टर उघडा

सर्जरीत एमएस झाल्यावर जळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलात लागलो, तेव्हा करार एका ओळीचा होता: सर्जरी फीचे ६० टक्के, फिक्स काही नाही. आकडा मोठा वाटला. जून उजाडला आणि ओटी ओस पडली. आपल्याकडे पेरणी सोडून हर्नियाचं ऑपरेशन करून घ्यायला कोण येणार? दिवाळीनंतर कापूस विकला की मग गर्दी. पेरणीचे ते दोन महिने घरभाडं बायकोच्या पगारातून गेलं.

त्याच पावसाळ्यात रात्री दीडला चोपड्याकडचा एक पेशंट आला, आतड्याला छिद्र पडलेलं. अडीच तास ओटी, मग आठ दिवस आयसीयूचे राउंड. केस महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतली. तिथे उपचाराचे पैसे सरकारी योजनेतून येतात आणि पॅकेज ठरलेलं. भूल, औषधं, खाट, सर्जन, सगळं त्यातच. क्लेम मंजूर होऊन माझा वाटा चार महिन्यांनी हातात आला, तोही दुपारी पाऊण तासात केलेल्या खासगी हर्नियाच्या निम्मा. पेशंट चालत घरी गेला, हे समाधान मोठंच. पण असा करार सर्जनला हळूहळू रात्रीचा फोन टाळायला शिकवतो, म्हणून मी तो अन्यायाचा मानतो. पेशंटवरही अन्याय.

आज मी हॉस्पिटलात भागीदार आहे. नवा सर्जन घेताना आधी वर्षभराचं ओटी रजिस्टर काढतो आणि केसेस वेगळ्या करतो: ठरवून केलेल्या, रात्रीच्या, योजनेतल्या. दरमहा किमान रक्कम पक्की. रात्री कॉलवर राहण्याचे पैसे वेगळे, ऑपरेशन होवो न होवो. योजनेच्या केसचे ठरलेले पैसे पुढच्याच महिन्यात. क्लेम अडकला तर तो भार हॉस्पिटलचा.

टक्केवारी असेल तर ती बिलावर की जमा रकमेवर, हे कागदावर लिहून घ्या. विमा कंपनीने कापलेले पैसे कोणाच्या वाट्यातून जाणार, तेही. प्रोफेशनल फी म्हणून पैसे मिळाले तर १० टक्के टीडीएस कापला जातो आणि पीएफ, पगारी रजा मिळत नाही. ऑपरेशनचं टार्गेट असलेल्या करारावर सही करूच नका. पेशंट पाठवण्याचं कमिशन तर मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनीच निषिद्ध आहे.

गेल्या वर्षी धुळ्याहून आलेल्या एका तरुण सर्जन मॅडमना आमचं रजिस्टर दाखवलं. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, "सर, दुसऱ्या डॉक्टरच्या केसला मध्येच धावून गेलो, तर ते कुठे लिहायचं?" तसा रकानाच नव्हता. दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन आखला.