फ्रेसिनेची प्रदक्षिणा: सॅक भरण्याआधी

नाताळच्या सुट्टीत मेलबर्न-सिडनीकडची बरीच मराठी मंडळी टास्मानिया बेटावर जातात. होबार्टहून अडीच तास गाडी हाकून कोल्स बे गाठतात, वाइनग्लास बेच्या व्ह्यू पॉइंटवर चढतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत. ज्यांना तिथून मागे न फिरता फ्रेसिनेचा अख्खा द्वीपकल्प पायी फिरून यायचं आहे, त्यांच्यासाठी ही तयारी लिहितो आहे. वाट सुमारे ३० किलोमीटरची. पार्किंगपासून निघायचं, पश्चिमेच्या किनाऱ्याने हॅझर्ड्स बीच आणि पुढे कुक्स बीच, मग माउंट ग्रॅहमवरून पूर्वेला उतरून वाइनग्लास बे आणि खिंड चढून पुन्हा पार्किंग. ज्याने सह्याद्रीत दोन-तीन मुक्कामी ट्रेक केले आहेत त्याच्या पायांना ही वाट जड नाही. पण सह्याद्रीच्या सवयी इथे जशाच्या तशा चालत नाहीत, आणि पहिली सवय मोडते ती पाण्याची.

आपल्याकडे गडावर टाकं असतं, पायथ्याशी वाडी असते, कुणाच्या तरी ओसरीवर हंडा असतो. इथे पार्किंग सोडलं की वस्ती नाही, दुकान नाही, नळ नाही. कुक्स बीचजवळच्या जुन्या झोपडीला पावसाच्या पाण्याची टाकी आहे, पण कोरड्या उन्हाळ्यात ती रिकामी असू शकते. ओढे नकाशावर निळ्या रेघेने दाखवलेले असतात, प्रत्यक्षात कित्येकदा नुसते दगड. म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी पार्कच्या माहिती केंद्रात थांबा आणि टाकीत पाणी आहे का एवढं एकच आधी विचारा. आहे म्हणाले तरी माणशी पाच ते सहा लिटर सोबत घेऊनच निघा: दिवसभराचं तीन, रात्रीच्या स्वयंपाकाचं एक-दीड, बाकी हाताशी. नाही म्हणाले तर सगळ्या मुक्कामांचं पाणी पाठीवर न्यावं लागेल. ते झेपणार नसेल तर बेत एका मुक्कामावर आणा. टाकीचं पाणी उकळून किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकूनच प्या. सॅक भरताना आधी पाण्याच्या पिशव्या पाठीलगत, मधोमध ठेवा आणि मग उरलेल्या जागेत काय मावतं ते बघा. उलट्या क्रमाने भरलं की शेवटी पाण्यावरच कात्री लागते.

दुसरी तयारी बुटांची, आणि ती घरीच करायची. या द्वीपकल्पावरच्या झुडपांना फायटोफ्थोरा नावाचा मूळकूज रोग लागतो. कोकणात सुपारीच्या बागेत कोळेरोग पाहिलेल्यांना हे नाव परकं वाटायला नको, तो याच कुळातला. इथला रोग मातीतून पसरतो, मुळं कुजवतो आणि बँक्सिया, गवतझाडं उभी वाळतात. जंगलभर पसरल्यावर तो काढून टाकायचा उपाय नाही. एका बुटाच्या खाचेत अडकलेला ओला चिखल पुरतो. म्हणून बूट, गेटर्स (बुटांवरून नडगीपर्यंत चढवायची जाड कापडी आवरणं), काठ्यांची टोकं आणि टेंटच्या खुंट्या घरी ब्रशने घासून, धुऊन, पूर्ण वाळवून न्या. तळव्याच्या खाचा जुन्या टूथब्रशने आणि काडीने कोरून काढा, वरवर पाणी मारून भागत नाही. भारतातून येणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं, कारण ट्रेकचे मळके बूट ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर जाहीर करावे लागतात. वाटेत बूट धुण्याची जागा लागली की थांबून धुवा, मागच्यांची रांग झाली तरी. आणि फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच करा. म्हणजे आधी हॅझर्ड्स बीच, शेवटी वाइनग्लास बे. हा नियम याच रोगासाठी आहे. समोरून उलट येणारं कुणी भेटलं तर त्यांनाही सांगावं असं मला मनापासून वाटतं.

दिवस किती ठेवायचे? दणकट मंडळी दोन दिवसांत उरकतात. मी म्हणेन तीन दिवस, दोन मुक्काम, पाण्याची सोय असेल तर. पहिला मुक्काम कुक्स बीचला, दुसरा वाइनग्लास बेच्या दक्षिण टोकाला. मधला दिवस माउंट ग्रॅहमचा, उंची ५७९ मीटर. ऐकायला किरकोळ, पण चढ समुद्रसपाटीपासून सुरू होतो, पाठीवर ओझं असतं आणि वरच्या भागात उघडा गुलाबी ग्रॅनाइटचा कातळ आहे. ओला असेल तर तो शेवाळलेल्या पायऱ्यांइतकाच घसरतो. शेजारचं माउंट फ्रेसिने ६२० मीटर. तिथे जायचं तर सॅक या दोन डोंगरांमधल्या खिंडीत ठेवून, आणि हवा स्वच्छ असेल तरच. पाऊस लागला किंवा कुणाचा गुडघा बोलू लागला तर ग्रॅहमचा हट्ट सोडा. कुक्सवरून हॅझर्ड्स बीचला परत या. तिथून द्वीपकल्पाची चिंचोळी मान ओलांडणारी सपाट वाट अर्ध्या-पाऊण तासात वाइनग्लास बेला पोचवते. ही पळवाट निघण्याआधीच नकाशावर सगळ्यांना दाखवून ठेवा.

कपड्यांचं थोडक्यात. ऋतू उलटे, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, रात्री साडेआठनंतरही उजेड. पण हे ४२ अक्षांश दक्षिण आहे. दुपारी टी-शर्टात घाम आणि संध्याकाळी नैऋत्येचा वारा फिरला की दात वाजतात. सुती कपडे टाळा. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, त्यावर टोपीसकट खरं रेनकोट-जॅकेट. आपला पोंचो त्या वाऱ्यात अंगावर राहत नाही. ऊन मात्र कडक लागतं, सावळ्या कातडीलाही. रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन हवंच.

सापांबद्दल नीट वाचा, कारण इथे आपलं शिकलेलं बदलावं लागतं. टास्मानियात सापांच्या तीनच जाती: टायगर, कॉपरहेड आणि व्हाइट-लिप्ड. तिन्ही विषारी. भारतात घोणस-फुरशाचा दंश झाल्यावर घट्ट पट्टी बांधू नका असं सांगतात, कारण ते विष जागच्या जागी मांस नासवतं. ऑस्ट्रेलियातल्या सापांचं विष लसीकावाहिन्यांतून अंगभर जातं. म्हणून इथे उलट सांगतात: रुंद इलॅस्टिक पट्टी दंशावरून सुरू करून पूर्ण हात किंवा पाय गुंडाळायचा, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितकी घट्ट. मग काठीचा आधार बांधून माणसाला जागेवरून हलू द्यायचं नाही आणि मदत तिथेच बोलवायची. दहा सेंटिमीटर रुंदीच्या दोन-तीन पट्ट्या सॅकच्या वरच्या खिशात ठेवा, तळाशी नको. बांधायचा सराव घरी एकमेकांवर करा. पायात गेटर्स असले तर बहुतेक धोका तिथेच टळतो. सापापेक्षा जॅक जंपर मुंगीकडे जास्त दुर्लक्ष होतं. काळी, पिवळसर-केशरी जबड्याची, उड्या मारत चालणारी. तिच्या डंखाने काहींना जीवघेणी ॲलर्जी होते. मधमाशीच्या डंखाने पूर्वी कधी धाप लागली असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा.

खाण्याचं आपलं आपल्याला ठाऊक आहे. मेतकूट-भात, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी, सगळं चालतं आणि टिकतं. पण टास्मानियात ताजी फळं-भाज्या मुख्य भूमीवरूनही आणता येत नाहीत. विमानतळावर कुत्रा हुंगायला येतो, तेव्हा पिशवीच्या कोपऱ्यात विसरलेली लिंबं, मिरच्या, कोथिंबीर आधीच काढा. भारतातून आणलेला प्रत्येक खाण्याचा जिन्नस उतरताना फॉर्मवर लिहा. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो होबार्टला किंवा लॉन्सेस्टनला विकत घ्या. स्टोव्ह लागतोच, कारण शेकोटीला बंदी आहे. रात्री सगळं खाणं घट्ट झाकणाच्या डब्यांत घालून टेंटच्या आत ठेवा. पॉसम हे रात्री फिरणारे प्राणी बाहेर ठेवलेल्या सॅकची चेन उघडतात, आणि चेन अडली तर कापड फाडतात. पार्किंगमध्ये वॉलबी (छोट्या कांगारूसारखा प्राणी) जवळ येऊन तोंडाकडे बघते, तिला काहीही देऊ नका. आपल्या खाण्याने तिच्या जबड्याला सूज येऊन रोग होतो. कचरा, टिश्यूसकट, परत आणायचा, त्यासाठी दोन जाड पिशव्या.

पुळणीवर चालताना ओल्या वाळूवरून चाला. पाय कमी रुततात, आणि भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत हुडेड प्लोव्हरसारखे पक्षी उघड्यावर अंडी घालतात. ती वाळूच्याच रंगाची असतात, पाय पडल्यावरच कळतं. हॅझर्ड्स बीचच्या मागच्या टेकाडांत शिंपल्यांचे थर दिसतील. ऑयस्टर बे परिसरातल्या मूळनिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या इथे खाल्लेल्या कालवांचे ते ढीग आहेत. त्यावर टेंट लावू नका, एक शिंपलाही खिशात टाकू नका.

मोबाइलची रेंज तुटक येते, तिच्यावर विसंबू नका. उपग्रहाला संकटाचा इशारा पाठवणारं ४०६ मेगाहर्ट्झचं पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन) भाड्याने मिळतं, गटात एक हवंच, आणि ते कसं चालू करायचं हे किमान दोघांना माहीत हवं. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, शिवाय कागदी प्रत ठेवा. पार्कचा पास आधी काढा. टास्मानियातली आणखी उद्यानं बघणार असाल तर दोन महिन्यांचा पास परवडतो. निघताना नोंदवहीत नावं आणि परतीचा दिवस लिहा, मेलबर्नला एका घरीही कळवा. शेवटच्या दिवशी वाइनग्लास बेपासून खिंडीचा चढ दुपारच्या उन्हात येतो, त्यासाठी माणशी एक लिटर राखून ठेवा. पार्किंगला पोचल्यावर वहीत परतल्याची नोंद करा, घरी फोन करा, आणि पुढे क्रेडल माउंटनला जाणार असाल तर त्याआधी बूट पुन्हा घासा.