कोरस दिसला की लगेच निष्कर्ष? प्लाझ्मा लहरींचा डेटा वाचताना या चुका टाळा

व्हॅन अ‍ॅलन प्रोब्ज ही उपग्रहांची जोडी 2012 ते 2019 पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्गी पट्ट्यांतून (चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांच्या वलयांतून) फिरली. तिचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. तो पहिल्यांदा उघडणाऱ्यांच्या हातून ठरावीक गफलती होतात, आणि बहुतेकांच्या मुळाशी निष्कर्षाची घाई असते.

पहिली अगदी साधी. कोरस म्हणजे या भागातल्या प्लाझ्मात (विद्युतभारित कणांच्या विरळ वायूत) उठणाऱ्या लहरी. त्यांची पक्ष्यांच्या किलबिलाटासारखी ऑडिओ क्लिप ऐकून त्या ध्वनिलहरी आहेत असं लिहू नका. त्या विद्युतचुंबकीय आहेत. त्यांची वारंवारता आपल्या कानाच्या टप्प्यात येते, एवढंच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इलेक्ट्रॉनच्या सायक्लोट्रॉन वारंवारतेत, म्हणजे तो चुंबकीय क्षेत्ररेषेभोवती सेकंदाला किती गिरक्या घेतो त्या आकड्यात. ती प्रत्येक नॅनोटेस्लामागे (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) 28 हर्ट्झ धरायची. L = 5 म्हणजे चुंबकीय विषुववृत्तावर पृथ्वीच्या केंद्रापासून पाच त्रिज्यांवर (पृष्ठभागापासून नव्हे, इथेही लोक घसरतात) असलेली क्षेत्ररेषा. तिथे चुंबकीय विषुववृत्तावर क्षेत्र सुमारे 240 नॅनोटेस्ला असतं, म्हणजे ही वारंवारता 6.7 किलोहर्ट्झच्या आसपास येते. कोरसचे वारंवारतेचे दोन पट्टे तिच्या निम्म्यावर विभागलेले असतात. आता 4 किलोहर्ट्झची लहर घ्या. विषुववृत्तावरच्या हिशेबाने ती 0.6 पट, म्हणजे वरच्या पट्ट्यातली. पण उपग्रह त्याच क्षेत्ररेषेवर 20 अंश चुंबकीय अक्षांशावर असेल, तर तिथलं क्षेत्र जवळपास 1.7 पट असतं. त्या स्थानिक आकड्याने भागलं की तीच लहर 0.35 वर येते आणि खालच्या पट्ट्यात जाऊन बसते. कोरस विषुववृत्ताजवळ जन्मतो, म्हणून पट्टा ठरवताना भागायचं ते तिथल्या आकड्याने.

सायक्लोट्रॉन वारंवारता रेझोनन्सच्या (लहर आणि इलेक्ट्रॉनची गती जुळून ऊर्जेची देवाणघेवाण होते त्या स्थितीच्या) समीकरणात टाकताना आणखी दोन ठिकाणी ठेच लागते. एक, समीकरणात कोनीय वारंवारता असते. 2π विसरलात तर उत्तर सहापटीहून जास्त चुकतं. दुसरं, वेगवान इलेक्ट्रॉनसाठी सापेक्षता सिद्धांतातला गुणक γ घ्यावाच लागतो. 1 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टला γ जवळपास 3 असतो, म्हणजे तो इलेक्ट्रॉन तिपटीने संथ गिरक्या घेतो. पट्टा ठरवताना मात्र γ लावायचा नसतो. दिशेचंही भान ठेवा: नेहमीच्या सायक्लोट्रॉन रेझोनन्समध्ये इलेक्ट्रॉन व्हिसलर लहरीच्या (कोरस याच प्रकारातला) समोरून येतो. लहरीच्या दिशेनेच जाणारा इलेक्ट्रॉन सापडतो तो लँडाऊ रेझोनन्समध्ये, म्हणजे तो लहरीच्याच वेगाने पुढे सरकतो तेव्हा.

स्पेक्ट्रोग्राममध्ये (वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या आलेखात) कोरसच्या चढत्या रेघा दिसतच नसतील, तर आधी एफएफटीची खिडकी, म्हणजे वारंवारता काढायला एका वेळी घेतलेला डेटाचा तुकडा, तपासा. एकेक रेघ सेकंदाचा काही दशांश भागच टिकते. खिडकी अर्ध्या सेकंदाची ठेवलीत तर सगळं पुसट होऊन हिससारखं, म्हणजे रेघा नसलेल्या सलग खरखरीच्या लहरींसारखं दिसेल. नाव देण्याआधी घनताही बघा: हिस मुख्यतः प्लाझ्मापॉजच्या (पृथ्वीजवळच्या दाट प्लाझ्माच्या सीमेच्या) आत, दाट प्लाझ्मात मिळतो, कोरस त्याच्या बाहेर.

आता खरा सापळा. चुंबकीय वादळ (सूर्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणारी खळबळ) आलं, कोरस दिसला, मग पट्ट्यांतले वेगवान इलेक्ट्रॉन वाढले. झालं, कोरसनेच वाढवले! इतकं सोपं असतं तर 1989 ते 2000 दरम्यानच्या 276 वादळांच्या अभ्यासात निम्म्याच वादळांनंतर वाढ दिसली नसती. जवळपास पाचव्या हिश्शात तर इलेक्ट्रॉन घटले. शिवाय चढउतार निव्वळ चुंबकीय क्षेत्रामुळेही होतो. वलय-प्रवाह (पृथ्वीभोवती वाहणारा विद्युत प्रवाह) वाढला की आतलं क्षेत्र कमकुवत होतं, इलेक्ट्रॉन बाहेर सरकतात आणि त्यांची ऊर्जा उतरते. ठरावीक ऊर्जेला मोजलेला फ्लक्स (ठरावीक वेळेत ठरावीक क्षेत्रातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या) त्यामुळे पडतो आणि क्षेत्र सावरलं की आपोआप वर येतो. त्यात लहरींचा काही हात नसतो. म्हणून फ्लक्सवर न थांबता, अ‍ॅडायाबॅटिक अचर (क्षेत्र सावकाश बदललं तरी न बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या गतीच्या राशी) स्थिर धरून फेज स्पेस घनता, म्हणजे स्थान आणि संवेग दोन्ही धरून काढलेली इलेक्ट्रॉनांची घनता, काढा. ती L* (प्रत्यक्ष क्षेत्राचा आकार धरून काढलेला L) नुसार मांडल्यावर मधेच उंचवटा दिसला आणि वेळेबरोबर वाढत गेला, तर तिथेच प्रवेग मिळाला असं म्हणायला आधार मिळतो. मात्र L* चुंबकीय क्षेत्राच्या मॉडेलवरून येतो. मॉडेल चुकीचं निवडलं तर खोटा उंचवटाही दिसतो, तेव्हा निदान दोन मॉडेलं वापरून पाहा.

घटीबाबतही हेच. फ्लक्स घसरला म्हणजे इलेक्ट्रॉन वातावरणातच पडले असं नाही. मॅग्नेटोपॉज (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची बाहेरची सीमा) आत दाबला गेला तर ते बाहेरच्या बाजूनेही निसटतात. L = 5 ला विषुववृत्तावर लॉस-कोन (क्षेत्ररेषेशी ज्याहून कमी कोन करणारे इलेक्ट्रॉन वातावरणात पडतात तो कोन) जेमतेम 4 अंशांचा असतो, आणि तिथल्या बहुतेक उपकरणांना तो वेगळा ओळखता येत नाही. खाली खरंच काही पडतंय का, हे पाहायला त्याच वेळी त्याच क्षेत्ररेषांखालून जाणाऱ्या कमी उंचीवरच्या उपग्रहाचा डेटा शोधा.