मोडी कागदांची पानं आत्याला दिसेनात तेव्हा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजोबांचे मोडी कागद आहेत. ते स्कॅन करून मी घरच्याच जुन्या संगणकावरच्या नेक्स्टक्लाउडमध्ये (गूगल ड्राइव्हसारखी, पण स्वतःच्या संगणकावर चालणारी फाइल-साठवण) ठेवतो, म्हणजे पुण्याच्या आत्याला वाचता येतात. आमच्यात मोडी आता तिलाच येते.

परवा दोनशे पानं मी एससीपीने (एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइली पाठवणारी कमांड) थेट त्या संगणकाच्या, म्हणजे सर्व्हरच्या, डेटा फोल्डरमध्ये टाकली. रात्री आत्याचा फोन, “अरे, इथे काहीच दिसत नाही!” फाइली डिस्कवर होत्या, पण नेक्स्टक्लाउड यादी दाखवतं ती डेटाबेसमधून. मागच्या दाराने आलेलं त्याला कळतच नाही. फाइलींची मालकी वेब सर्व्हरच्या युजरला (ज्याच्या नावाने नेक्स्टक्लाउड चालतं त्याला) दिली, त्याच युजरने ओसीसीची, म्हणजे नेक्स्टक्लाउडच्या कमांड-साधनाची, फाइल-स्कॅन कमांड चालवली आणि पानं दिसली.

आता फाइली चढवायला नेक्स्टक्लाउडसीएमडी (नेक्स्टक्लाउडचा कमांडने चालणारा सिंक प्रोग्रॅम) वापरतो. ते एकदा सिंक करून थांबतं, म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) दर अर्ध्या तासाला लावलंय. पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका. नेक्स्टक्लाउडमधून फक्त या प्रोग्रॅमसाठी वेगळा अ‍ॅप पासवर्ड काढून नेटआरसी फाइलीत (लॉगिनची माहिती ठेवायची फाइल) ठेवा, परवानगी ६००, म्हणजे ती फक्त आपल्यालाच वाचता-लिहिता येते. आणि हे सिंक दुतर्फी आहे, इकडे पुसलं की तिकडेही जातं. म्हणून मूळ स्कॅन मी वेगळ्या हार्ड डिस्कवरही ठेवलेत.

काल आत्याने पहिलं पान वाचून, अर्थ लावून पाठवलं. विहिरीच्या वाटणीचा कागद निघाला.